खारी बिस्किटच

शेवट ओळखा बघू. ओळखलात तर ही माझी मिशी भादरून तुमच्या हातावर ठेवीन. पण नाही जमायचं तुम्हाला. भले भले शहाणे इथं तोंडावर आपटलेत.

एका राज्यात चंडकेतू नावाचा राजा होता. दुपारी दरबारात चहा यायचा, आणि चहावर भांडण. राजाची आवड नानकटाई, राणीची टोस्ट. "टोस्ट म्हणजे दोनदा भाजलेला पाव! त्याला बिस्किट कोण म्हणतं?" राजा म्हणायचा. मग राणी बोलणं टाकायची.

एकदा काळझुंबर जादूगार भुकेला आला. "बिस्किट द्या," म्हणाला. शिपायानं हौसा भट्टीवालीची खारी पुढं केली. जादूगार खवळला. "गोड नाही, गोल नाही, नुसते पापुद्रे! राज्यातलं एकूणएक माणूस 'खारी बिस्किट नव्हे' म्हणेस्तोवर इथं चूल पेटायची नाही!"

चुली विझल्या. पोरं कच्चं पीठ चाटू लागली. राजानं म्हटलं, राणीनं म्हटलं, हत्तीनंसुद्धा सोंड हलवली. राहिली एकटी हौसा.

"बये, म्हण की! लोक उपाशी आहेत."

"महाराज, ती मी लाटते. लोणी फासते, घडी घालते, परत लाटते. काय आहे ती, मला ठाऊक. बिस्किटच!"

"मान उडवीन!"

"उडवा. उडालेली मानपण तेच म्हणंल."

जादूगार हसला. "भुतांच्या जात्यावरचा मैदा आण, वाघिणीच्या दुधाचं लोणी आण, पाताळातल्या नागाचा विस्तव आण. त्याची खारी भाज. माझ्या तोंडून 'बिस्किट' निघालं तर शाप सुटला. नाही तर वीट होऊन भट्टीत बसशील."

"मान्य," हौसा म्हणाली.

धुराड्यावरची साळुंकी बोलली, "चल, वाट मी दाखवते."

भुतांना जातं ओढायला एक हात कमी पडत होता. हौसा बसली, मैदा मिळाला. वाघिणीनं विचारलं, "खारी बिस्किट का गं?" "होय." "मग घे दूध काढून. माझंही तेच म्हणणं." नागानं मात्र मोल मागितलं. "विस्तव नेशील, पण तुझ्या जिभेची चव ठेवून जा."

हौसानं जीभ बाहेर काढली. नागानं चव चाटून घेतली.

दूध घुसळून लोणी निघालं. भट्टी पेटली, खारी फुलली, त्याच विस्तवावर चहा उकळला. जादूगार कोरडीच खायला निघाला.

"तशी नाही, बाबा. बुडवा."

जन्मात कधी त्यानं चहात काही बुडवलं नव्हतं. बुडवली, आणि धरूनच बसला. खारी मऊ झाली, वाकली, गेली तळाला.

"अरे अरे! माझं बिस्किट पडलं!"

मग राज्यातल्या साऱ्या चुली एकदम भडकल्या, अन् जादूगाराची दाढीही. विझवायला त्यानं तोंड चहात घातलं, आणि तसाच पळाला.

राजानं दवंडी पिटवली, खारी बिस्किट, अन् टोस्टही बिस्किट. राणी बोलू लागली. भट्टीतली पहिली खारी राजानं आपल्या हातानं हौसाला दिली. ती चावली. कुर्रकन वाजली. तोंडात नुसती माती.

"कशी लागते गं?"

"बिस्किटासारखी," हौसा म्हणाली, आणि दुसरी उचलली.