शंखकाने घेतलेला घास

पूर्वी गोदावरीच्या काठी पोतन नगरीत एक राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्वांनी हत्तीच्या कुळात जन्म घेतला होता. राजाच्या हत्तीशाळेत त्यांना शंखक म्हणत. शंखकाला सांभाळणारा आणि त्याच्या दुखण्याखुपण्यावर औषध देणारा माणूस एकच, उत्तिय. गोष्ट तशी या उत्तियाचीच आहे. हत्तीला काही बोलता येत नव्हतं, आणि माणसाला न बोललेलं कळत नव्हतं.

राजाच्या हत्तीला शत्रूने विष चारू नये म्हणून त्या नगरीत एक रीत होती. पिल्लू लहान असतानाच परक्या माणसांनी त्याच्यापुढे भाताचे गोळे धरायचे. त्या गोळ्यांत कडुनिंब आणि मिरी कालवलेली असे. तोंड पोळून पिल्लू किंचाळलं की सांभाळणाऱ्याने पुढे व्हायचं आणि आपल्या हाताने गूळभाताचा घास द्यायचा. असं वर्षभर केलं की ते जनावर जन्मभर दुसऱ्या हातचं खात नसे. शंखकाला हे उत्तियानेच शिकवलं होतं. शिकवताना त्याला ते आवडायचं नाही, पण रीत ती रीत. वीस वर्षं झाली, शंखकाने दुसऱ्या कोणाचा घास तोंडाला लावला नव्हता.

दुसरा नियम उत्तियासाठी होता. बाहेरचा रोग हत्तीशाळेत येऊ नये म्हणून त्याने बाहेरच्या जनावराला हात लावायचा नाही, औषधही सांगायचं नाही.

एका वर्षी गावोगावच्या गुरांना लाळ-खुरकत लागली. एक तेलीण आपल्या घाण्याचा बैल ओढत हत्तीशाळेच्या फाटकाशी आली. बैलाच्या तोंडाला फेस होता आणि खुरांत किडे पडले होते.

"दादा, हात लावू नका. नुसता पाला कुठला बांधायचा तेवढं सांगा," ती आतल्या उत्तियाला म्हणाली.

पहारेकऱ्याने तिला हाकलून दिलं. तो पाला तिथेच कुंपणाला उगवला होता आणि उत्तिय दहा पावलांवर उभा होता. पण नियमाला भिऊन त्याने पाल्याचं नाव गिळलं. दोन दिवसांनी कळलं, बैल गेला.

मग मात्र उत्तियाला अन्न गोड लागेना. राजाची चाकरी सोडावी आणि गावोगाव फिरून गुरांवर उपचार करावेत, असं त्याच्या मनाने घेतलं. आता खरं सांगायचं तर सगळंच काही त्या बैलापायी नव्हतं. आपल्या मर्जीने उठावं, आपल्या मर्जीने निघावं, कोणापुढे मान वाकवू नये, ही हौसही होतीच. ती त्याने बायकोला सांगितली नाही, पण सोमा काही कालची नव्हती.

"अहो, दर पौर्णिमेला कोठारातून शिधा येतो, तो काय जड झालाय? आज एक गाव बोलावील. उद्या कोण विचारणार आहे तुम्हाला?"

"बोलावतील गं."

"आणि नाही बोलावलं तर?"

"तर तू आहेसच की टोमणे मारायला."

सोमा हसली, आणि हसता हसता पदराने डोळे पुसले. "जा मग. पाल्याचं नाव गिळून जगण्यापेक्षा उपास बरे. पण शंखकाचं काय?"

उत्तिय उठला आणि राजाकडे गेला.

राजाने त्याचं सगळं म्हणणं ऐकून घेतलं आणि तो म्हणाला, "उत्तिया, हत्तीशाळेतलाच हा गोधिक तुझी जागा घेईल. तीन दिवसांत शंखकाने त्याच्या हातचा घास घेतला, तर तू मोकळा. नाही घेतला, तर जन्मभर इथेच."

पहिल्या दिवशी गोधिकाने गूळभाताचा गोळा पुढे केला. शंखक थरथर कापत भिंतीपर्यंत मागे सरला. दुसऱ्या दिवशीही तेच. गोधिक बिचारा घामाघूम झाला. उत्तियाला मनातून दुःख होत होतं आणि, का लपवा, आनंदही होत होता.

दुसऱ्या दिवशी सगळे गेल्यावर त्याने शंखकाच्या सोंडेला कपाळ टेकलं. "बाबा रे, मला जायचंय. आणि तुला सोडून जाववतही नाही. आता तूच काय ते ठरव."

बघा माणसाची तऱ्हा! स्वतःला झेपेना तो निर्णय त्याने मुक्या जनावराच्या डोक्यावर टाकला.

तिसऱ्या दिवशी शंखकाने उत्तियाकडे कितीतरी वेळ पाहिलं. मग सोंड पुढे केली, गोधिकाच्या हातातला गोळा उचलला, डोळे मिटले आणि गिळला. हत्तीशाळेत एकच जल्लोष झाला. उत्तिय मोकळा झाला होता, पण त्याच्या मनात दुसरंच आलं. वीस वर्षं! वीस वर्षं पोटच्या पोरासारखा वाढवला, आणि हा तीन दिवसांत मला विसरला! शंखकाला हात न लावताच तो फाटकाबाहेर पडला.

पुढचं वर्ष फिरस्तीत गेलं. एखाद्या गावात लोक त्याला सोडत नसत, एखाद्या गावात चार दिवस कोणी हाक मारीत नसे. मग सोमा रानातली भाजी उकडून वाढायची, आणि टोमणा मात्र मारायची नाही. पण आडवी पडलेली गुरं उठत होती. त्या वर्षात पोतनवरून जाण्याचा प्रसंग तीनदा आला. तिन्ही वेळा उत्तियाने वाकडी वाट धरली. ज्याला आपली आठवण नाही, त्याच्या दारी कशाला जायचं?

पावसाळा सरल्यावर नदी पायी ओलांडायच्या उतारावर त्याला गोधिक भेटला. उत्तियाला पाहताच गोधिक रडू लागला.

"दादा, शंखक गेला हो. महिना झाला."

"गेला? काय झालं होतं?"

"पायात गळू झालं. आत आत शिरत गेलं."

"अरे, मग मला का नाही बोलावलंस? चार दिवसांत उतरवलं असतं मी!"

"बोलावणारच होतो. दोनदा दूत तयार केला. पण कसं कोण जाणे, तुमचं नाव काढलं की तो त्या पायावर उठून उभा राहायचा. माझ्याकडे सोंड करून गोळा मागायचा, खायचा. आम्हाला वाटायचं, बरा झाला, उगाच तुम्हाला हेलपाटा कशाला? दूत माघारी गेला की पुन्हा आडवा पडायचा. तिसऱ्यांदा दूत बोलावला तेव्हाही तो उठू लागला. तेवढ्यात कोसळला."

उत्तियाने खांद्यावरची औषधांची झोळी खाली ठेवली. तो वाळूत बसला.

"आणि दादा," गोधिक डोळे पुसत म्हणाला, "वर्षभर माझ्या हातचं खाल्लं त्याने, पण भीती काही गेली नाही. रोज घास घेताना तसाच कापायचा, पहिल्या दिवशी कापला होता तसा."

"तो नव्हता रे विसरला," उत्तिय म्हणाला. "मी विसरलो. एकदा तरी यायचं होतं मी." आणि तो इतका मोठ्याने रडला की उतारावरची माणसं थांबून पाहू लागली.

शंखकाला पुरलं होतं तिथे जाऊन त्याने मातीवर डोकं ठेवलं. पलीकडच्या गावात एक म्हैस अडली होती, म्हणून त्याच दिवशी तो उठला आणि रडत रडतच तिकडे गेला.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, सांगितली ती एका तरुण भिक्षूला. आपण घर सोडलं तेव्हा आईच्या डोळ्यांत पाणीसुद्धा आलं नाही, हा सल मनात धरून तो तीन वर्षं गावाकडे फिरकला नव्हता. शास्ता त्याला म्हणाले, "भिक्षू, त्या जन्मीची सोमा ही आजची तुझी आई. उत्तिय तो तूच होतास. आणि गोधिकाच्या हातचा घास गिळणारा शंखक, तो मी होतो."

आईने डोळ्यांतलं पाणी का अडवलं होतं, ते आता भिक्षूला कळलं. त्याने तिथल्या तिथे आईला भेटून येण्याची आज्ञा मागितली, आणि ती त्याला मिळाली.

शंखकाच्या या गुणाला मैत्री म्हणतात. आपल्या माणसाला जाऊ द्यावं आणि आपलं दुःखही त्याच्या वाटेत येऊ देऊ नये, अशी ती मैत्री.