चाळीस आऱ्यांचं चाक

फार जुनी गोष्ट आहे, मुलांनो आणि बायांनो. इतकी जुनी, की तेव्हा सायकली होत्या का, हे विचारू नका. या कहाणीत एक होती, एवढं खरं.

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. गावात एक बाई एकटीच राहायची. देहानं थोराड, मनानं लाजाळू. नवरा देवाघरी गेलेला, मूलबाळ नाही. तिची मोठी बहीण माळापलीकडं सहा कोसांवर, तीही एकटीच. आपण त्यांना थोरली नि धाकटी म्हणू.

थोरलीला डोळ्यांनी दिसत नव्हतं, पण शुक्रवारचं व्रत तिनं कधी चुकवलं नाही. दिवसभर उपास करायचा, दिवेलागणीला देवीला नैवेद्य दाखवायचा, बाहेरून आलेल्या एका माणसाला जेवू घालायचं, मग आपण घास घ्यायचा. तिच्या दारी येणारं माणूस जगात एकच होतं. धाकटी पोचली नाही, तर थोरली तशीच उपाशी निजायची.

म्हणून दर शुक्रवारी धाकटी नवऱ्याची सायकल बाहेर काढायची. पारावरची माणसं म्हणायची, "काय पाप केलं होतं गं त्या सायकलीनं?" धाकटी मान खाली घालून पुढं जायची. हसणारे पुष्कळ होते. कुठं निघालीस, म्हणून विचारणारं कुणी नव्हतं.

एका शुक्रवारी माळावर टिंग असा आवाज आला. मागच्या चाकाचा एक आरा तुटला. कोसभरात दुसरा, मग तिसरा. चाक वेडंवाकडं फिरू लागलं. सायकल ढकलत ती पोचली तेव्हा अंधार पडला होता. थोरली उंबऱ्याशी बसली होती, शेजारी झाकलेलं ताट.

"अक्का, उशीर झाला गं."

"झाला तर झाला. आलीस ना?"

पण तिचे ओठ सुकले होते. धाकटीनं ते पाहिलं.

दुसऱ्या दिवशी ती बाजारात गेली. दुकानदारानं एक लखलखीत चाक काढलं. रिम बारीक, आरे ज्यात अडकतात तो मधला हब अंगठ्याएवढा, आरे मोजके.

"वजन किती, बाई?"

दुकानात चार माणसं उभी होती. धाकटी पुटपुटली, "असेल दीड मण."

दुकानदारानं तिच्याकडं एकदा पाहिलं. पण चाक विकायचं होतं. त्यानं पैसे मोजून घेतले.

ते चाक दोन शुक्रवार चाललं, तिसऱ्याला वाकलं. धाकटीला वाटलं, दोष चाकाचा नाही, आपल्या देहाचा आहे. तिनं चाक बाजारातून सरळ करून आणलं आणि स्वतः सोमवार धरला, चतुर्थी धरली, एकादशी धरली. देवीपुढं हात जोडून म्हणायची, "आई, मला हलकी कर."

पुढच्या शुक्रवारी भर माळावर चाक पुरतं बसलं. उपासानं तिच्या पायांत त्राण नव्हतं. ती बाभळीखाली टेकली, ती रात्रभर उठलीच नाही. त्या दिवशी सहा कोसांच्या वाटेवर दोन बहिणी दोन ठिकाणी उपाशी बसून राहिल्या, आणि दोघींना वाटत राहिलं, आपल्याला कुणी नाही.

सकाळी ती पायी पोचली आणि रडत सगळं सांगती झाली. थोरलीनं तिचा चेहरा चाचपला.

"उपास देवीसाठी करावा गं. चाकासाठी कशाला? मागायचंच तर बळकट चाक माग. तुझ्या गावच्या वेशीपाशी दूधवाल्यांची चाकं बांधणारा म्हातारा आहे ना, त्याच्याकडं जा."

म्हाताऱ्याची चाकं जाड आणि काळपट. दूधवाल्यांखेरीज त्याच्याकडं कुणी जात नसे. त्यानंही तेच विचारलं, "ओझं किती?"

"दीड मण, बाबा."

म्हातारा हातातली तार पुसत राहिला. "दूधवाल्याला मी विचारतो, कॅन किती भरलेत. तो खरं सांगतो. भरल्या कॅनची त्याला लाज नसते."

धाकटीनं आजूबाजूला पाहिलं, दुसरं कुणी नव्हतं. मग म्हणाली, "तीन मण." असं तोंडानं तिनं कधीच कुणाला सांगितलं नव्हतं.

म्हातारा हसला नाही. "असं सांग की. पुढं बत्तीस आरे चालतील. मागं चाळीस हवेत, बसणाऱ्याचा भार मागंच येतो." त्यानं पोलादी हब घेतला, मुठीएवढा, आतला दांडा जाड. आरे एकमेकांना ओलांडून ओवले, आवळले आणि एकेक तार बोटानं छेडून ऐकली. सगळ्यांचा सूर एक होईस्तोवर तो उठला नाही.

"एवढं कशाला ऐकायचं, बाबा?"

"शेजारचे आरे सैल असले, की सगळा भार एकट्यावर येतो. आरा ओझ्यानं तुटत नाही, पोरी. एकटा पडला, की तुटतो."

धाकटीनं पदर डोळ्यांना लावला.

"मागं कुणी बसणार आहे?"

"माझ्यामागं कोण बसणार?"

"तरी दोघांच्या हिशेबानं बांधलंय. आणि आठ दिवसांनी परत ये. नवं चाक चालून थोडं सैल पडतं, पुन्हा आवळावं लागतं."

परत ये, असं तिला कितीतरी वर्षांत कुणी म्हटलं नव्हतं.

त्या शुक्रवारी ती ऊन असतानाच पोचली. थोरली दारात कान देऊन उभी होती. "आज चाक काहीच बोललं नाही गं."

दिवेलागणीला दोघी जेवल्या. सकाळी धाकटीनं कॅरिअरवर घोंगडी चौपदरी अंथरली. "अक्का, बैस."

"अगं, माझं ओझं तुला कशाला?"

"चाकाला विचारून आलेय मी."

थोरलीनं देवीचा टाक पदरात बांधला आणि बहिणीच्या कमरेला मिठी घातली. सहा कोसांत एकही आरा कुरकुरला नाही. पारावरची माणसं बघत राहिली. धाकटीनं मान खाली घातली नाही.

आता दोघी एकाच घरात. मग शुक्रवारी बाहेरून येणारं माणूस कोण? वेशीजवळचा म्हातारा. तोही वर्षानुवर्षं एकटाच जेवत होता. यायचा, चाक आवळायचा आणि पहिल्या पानावर बसायचा.

देवी धाकटीला पावली, तशी तुम्हां-आम्हां सगळ्यांना पावो.

बोध एवढाच: आपलं ओझं लपवू नये, खरं सांगावं, तरच ते पेलणारं चाक मिळतं, आणि माणूसही.