उतावळा झोत आणि भिंगबाई

फार दिवस झाले या गोष्टीला. काचेच्या ठोकळ्यात आतल्या आत चित्रं कोरणाऱ्या दमयंतीबाईंच्या कारखान्यात लेझरचा एक झोत राहायचा. पापणी लवायच्या आत हजारदा येऊन जायचा, आणि त्याचाच केवढा तोरा!

एकदा बाई भंगाराची पेटी उचलून म्हणाल्या, "जेवणापर्यंत या ठोकळ्यात मासा उमटला नाही, तर जाईल हा पेटीत."

ठोकळा घाबरला. झोताच्या वाटेत, ठोकळ्याच्या वर बसलेली भिंगबाई त्याला म्हणाली, "माझ्यातून ये रे. नीट एका जागी आणते तुला."

"माझ्यात ताकद काय कमी आहे?" असं म्हणत तो तिला टाळून ऐसपैस घुसला आणि काचेतून आरपार निघून गेला.

"उमटला का मासा?" झोताने ऐटीत विचारलं.

"का? कोणी आलं होतं का?" ठोकळा म्हणाला.

असं पन्नासदा झालं. भिंगबाई अगदी वैतागली. "अरे मेल्या, सगळीकडे थोडा थोडा सांडतोस, म्हणून कुठेच लागत नाहीस! किती वेळा सांगू?"

शेवटी हिरमुसून तो तिच्यातून आला, पण घाईघाईत वरच्यावरच टेकला. कोपऱ्याचा टवका उडाला.

"अहो, आवरा याला!" ठोकळा ओरडला.

"वर नको रे बाबा, आत!" म्हणत भिंगबाई स्वतःच जरा खाली सरकली. आता झोत वरच्या काचेला न दुखवता आत गेला, आत जाता जाता सुईच्या टोकाहून बारीक झाला, आणि मधोमध एक ठिपका उमटला. माशाचा डोळा.

दमयंतीबाईंनी भंगाराची पेटी खाली ठेवली.

ठोकळा हळूच म्हणाला, "हां, आत्ता कोणीतरी आलं."