माकडीण आणि दाताचा तुकडा

डोंगराच्या पायथ्याशी, ओढ्याकाठच्या उंबरांच्या रानात एक माकडीण राहत असे. तिला एकच लेक होती. मुलांनो, ही माकडीण पुढे फार म्हातारी झाली, थंडीच्या दिवसांत उन्हाला पाठ देऊन बसू लागली. तरीही त्या एका उन्हाळ्याची आठवण निघाली की ती कितीतरी वेळ ओढ्याकडे बघत राही.

त्या उन्हाळ्यात लेकीचे दुधाचे दात पडून पुढचे दोन पक्के दात आले होते. कसे टपोरे होते ते! ओठ मिटले तरी थोडेसे बाहेर डोकावत. लेक ज्याला त्याला दात दाखवत हिंडे. मोराला दाखवून झाले, सशांना दाखवून झाले. सायाळीसमोर तिने पुन्हा तोंड उघडले, तेव्हा सायाळ म्हणाली, "पुरे गं बाई, कालच पाहिले की!" माकडिणीला मात्र ते कितीदाही पाहिले तरी पुरत नसे.

एका दुपारी माकडीण आपल्या बहिणीच्या अंगावरच्या उवा वेचत बसली होती. दोघींच्या गप्पा अगदी रंगात आल्या होत्या. ओढ्यावर झुकलेल्या वडावरून लेकीने हाक मारली, "आई, वरच्या पारंबीला झोका घेऊ का?" माकडीण मान न वळवताच म्हणाली, "घे की!" दोनच झोके झाले असतील. तिसऱ्या झोक्याला लेकीचा हात सुटला आणि ती ओढ्यातल्या दगडांवर तोंडावर आपटली.

माकडीण धावली. तिने ओढ्याच्या पाण्याने लेकीचे तोंड धुतले. ओठ फाटून सुजला होता आणि पुढच्या दोन दातांपैकी एक निम्मा तुटला होता. दुधाचा दात असता तर त्याच्या जागी दुसरा आला असता. पण हा पक्का दात होता. हा पुन्हा येणार नव्हता.

माकडिणीला काही सुचेना. तिने लेकीला उंबरावर नेऊन बसवले आणि म्हणाली, "तू इथून हलू नकोस. मी तुकडा शोधून आणते. मग तू पुन्हा पहिल्यासारखी होशील." ती ओढ्यात उतरली. उन्हाळ्यामुळे पाणी घोट्याएवढेच होते. ती एकेक दगड उलटून बघू लागली. कधी पांढरा खडा हाती येई, कधी शंखाचा तुकडा. दर वेळी तिच्या काळजात लख्ख उजेड पडे आणि लगेच विझून जाई. असे तीन दिवस गेले. तिची बोटे सोलून निघाली, पण तुकडा सापडला नाही.

तिसऱ्या दिवशी एक म्हातारी अस्वलीण पाण्यावर आली. तिने विचारले, "काय हरवलंय गं?"

"लेकीच्या दाताचा तुकडा."

"आणि लेक कुठे आहे?"

"वर, उंबरावर."

"काही खाल्लं का तिनं?"

माकडिणीला ते ठाऊकच नव्हते. मग तिला रडू फुटले. "माझंच चुकलं, अस्वलमावशी! तिनं मला हाक मारून विचारलं होतं. मी वर बघितलंसुद्धा नाही."

"मग आता तरी बघ," अस्वलीण म्हणाली.

माकडिणीने वर पाहिले. लेक फांदीच्या बेचक्यात अंग चोरून बसली होती. एक हात तिने तोंडावर घट्ट धरला होता. माकडीण भराभर झाड चढून गेली.

"सापडला?" लेकीने हाताआडूनच विचारले.

"नाही गं."

"मग मी आता पहिल्यासारखी कधीच होणार नाही?"

माकडीण तिच्याशेजारी फांदीवर बसली. "दात नाही होणार पहिल्यासारखा," ती म्हणाली, "पण तू माझी तीच लेक आहेस. हात काढ बघू. कुठे दुखतंय?"

लेकीने हळूहळू हात काढला. ती आईच्या चेहऱ्याकडे टक लावून बघत होती. माकडिणीने नजर वळवली नाही. सुजलेला ओठ पाहिला, तुटका दात पाहिला आणि लेकीच्या डोक्यावरून हात फिरवला. "गार पाणी लागलं की ठणकतं," लेक म्हणाली. मग तीन दिवसांत पहिल्यांदाच ती आईच्या कुशीत शिरून मोठ्याने रडली.

त्या संध्याकाळी माकडिणीने पिकलेली उंबरे बोटांनी कुस्करून लेकीला भरवली. सूज उतरल्यावर दाढेकडून कसे चावायचे ते शिकवले. टोळीतली पोरे "अर्धदाती, अर्धदाती!" म्हणून चिडवत, तेव्हा लेक आधी आईच्या पाठीमागे लपे. पण एके दिवशी ती पुढे झाली, म्हणाली, "आहेच मुळी अर्धा!" आणि तिने त्या फटीतून जिभेचे टोक बाहेर काढून दाखवले. पोरे खदखदून हसली आणि त्यांच्यात लेकही तोंड उघडून हसली. तुटक्या दातासकट ते हसू माकडिणीने जन्मभर जपून ठेवले.

पुढे वर्षे गेली. टोळी वाढली, तिचे दोन भाग झाले आणि लेक आपल्या पिल्लांना घेऊन डोंगरापलीकडच्या रानात राहायला गेली. म्हातारी माकडीण मागे राहिली. एकदा पेरूच्या दिवसांत ती खिंडीजवळच्या जुन्या बागेत गेली. एका झाडाखाली अर्धवट खाल्लेले पेरू पडले होते. तिने एक उचलून पाहिला. चाव्याच्या बरोबर मध्ये गराचा बारीकसा उंचवटा राहिला होता, जिथे दात पोचलाच नव्हता. तसा चावा त्या साऱ्या डोंगरात एकीचाच होता.

"येऊन गेली वाटतं," माकडीण स्वतःशीच म्हणाली. त्या उंचवट्यावरून तिने बोट फिरवले आणि उरलेला पेरू तिथेच बसून सावकाश खाल्ला.

तात्पर्य : मोडलेले सगळेच जोडून देता येत नाही, पण दुखावलेल्या लेकराजवळ बसता येते, आणि ते आधी करावे.