टिटवीचं तिसरं उत्तर

फार मागे, डोंगरापलीकडच्या रानात दर उन्हाळ्याआधी एक परीक्षा व्हायची. जो पास होईल, त्याच्यामागून सगळं रान पाण्याला जायचं. प्रश्न म्हातारा गवा विचारायचा.

पोपटाने मागच्या दहा वर्षांची उत्तरं तोंडपाठ केली होती. उन्हाळ्यात पाणी कुठे टिकतं, हे टिटवीने आधी कासवाला विचारलं, मग खेकड्याला. कासव म्हणालं आंबेडोह, खेकडा म्हणाला करंजखडक. दोघांचं जुळेना, तेव्हा ती भर उन्हात दोन्हीकडे स्वतः हिंडून आली.

परीक्षेच्या दिवशी गव्याने विचारलं, "चैत्रात पाणी कुठे? वैशाखात कुठे? आणि ज्येष्ठात?"

"तिन्ही महिने आंबेडोहात," पोपट एका दमात म्हणाला.

टिटवी म्हणाली, "आजोबा, चैत्रात आंबेडोहात असेल, पण तिथे आत्ताच माझ्या गुडघ्याइतकं उरलंय. वैशाखात करंजखडकाशी मिळेल. तिथली वाळू मी चोचीने उकरली, खाली ओल लागली. ज्येष्ठातलं मला माहीत नाही. पुढच्या खोऱ्यात मी अजून गेले नाही."

"एक उत्तर आलंच नाही हिला," पोपट म्हणाला.

गवा उठला आणि टिटवीच्या मागे चालू लागला.

"माहीत नाही म्हणाली," तो म्हणाला, "म्हणून तर आधीची दोन खरी वाटली."