उलट न बोलणारा खडक

फार जुनी गोष्ट. सगुणा नावाची एक डॉल्फिन आपल्या कळपाची वाटाडी होती. ती पुढे हाक घालायची. हाक आपटून परत आली की समोर खडक, नाही आली की वाट मोकळी.

खाडीच्या तोंडाशी एक खडक होता. तो तिची प्रत्येक हाक तिच्याच तोंडावर फेकायचा. "मेला सदा उलट बोलतो!" सगुणा फणकारायची. त्याच्या अंगावरचे चार स्पंज मात्र तिची हाक मुकाट गिळायचे. ते तिला इतके आवडले, की त्यांना कुरतडणारे मासे तिने हुसकून लावले. बघता बघता स्पंजांनी सगळा खडक मढवून टाकला.

एक दिवस पाणी गढूळलेलं असताना शार्क मागे लागला. कळप जिवाच्या आकांताने खाडीकडे पळत सुटला.

"आत्या, जपून! इथेच कुठेतरी तो खडक होता ना?" भाची ओरडली.

सगुणाने हाक घातली. उत्तर नाही. पुन्हा घातली. पाणी चिडीचूप.

"वाट मोकळी आहे, या माझ्यामागून!" म्हणत ती बाणासारखी सुटली.

धडक अशी बसली की डोळ्यांपुढे काजवे चमकले. तिची किंकाळी ऐकून मागचे वेळीच वळले. तिला मात्र हलता येईना, आणि शार्कची सावली मोठी होत होती.

"अरे, एकदा तरी बोलायचं होतंत!" ती कळवळली.

"बाईसाहेब," स्पंज अदबीने म्हणाले, "आम्ही कधी तुम्हाला उलट बोललोय का?"