सिक्वनच्या दगडावरचा चौकोन

फोटो मागाहून काढा हो, आधी दगड नीट बघा. वर नाव कोरलंय, सिक्वन. कॅनडातल्या आम्हा क्री आदिवासींच्या भाषेत सिक्वन म्हणजे वसंत. मधलं अक्षर चौकोनात बसलंय, दिसलं? पाहुणे विचारतात, नक्षी आहे का. कसली नक्षी!

आमची लिपी तशी साधी. एकच आकार चार दिशांना फिरवला की चार उच्चार झाले. पण हे मधलं अक्षर असं फक्त या नदीकाठीच लिहितात.

सिक्वन ही हॅरिएट आजीची एकुलती एक लेक. ऐन तारुण्यात तापानं गेली. आजीनं तिच्या थडग्यासाठी शहरातून दगड मागवला. तिथं नाव कोरणार यंत्र, आणि यंत्राला तेवढीच अक्षरं कळतात ज्यांना क्रमांक दिलेला असतो. आमच्या अक्षराला क्रमांकच नव्हता. यंत्रानं त्या जागी रिकामा चौकोन टाकला आणि इमानेइतबारे दगडात कोरून पाठवला. लेकीच्या नावाच्या मधोमध भोक! आजी दगडाला कवटाळून रडली, असं सांगतात.

गावातला जोसाया छिन्नी-हातोडा घेऊन आला. म्हणाला, "काकू, घटकाभरात अक्षर कोरून देतो." पण आजी हट्टाला पेटली होती. "आज तू कोरशील. उद्या दुसरीच्या लेकराच्या नावात भोक पडेल, तेव्हा? यंत्राला माझ्या लेकीचं नाव लिहिता येईस्तोवर हा दगड उभा राहणार नाही. आणि तोवर मीही मरणार नाही."

लोकांनी कपाळावर हात मारला. वर्षं गेली. म्हणे, मृत्यू एकदा दारात आलाही होता. आजीनं त्याला "दगड उभा राहिला की ये" म्हणून वाटेला लावलं.

अक्षरांना क्रमांक देणारी मंडळी दूर शहरात जमायची. आजीनं दगड पाठीला बांधला आणि बर्फातून चालत निघाली, असं सांगतात. मला विचाराल तर घसरगाडीवर नेला असेल. पण माझी आई पाठीवरच म्हणायची, आणि आईशी वाद कोण घालणार?

दगड मंडळींच्या टेबलावर ठेवला. त्यांनी अदबीनंच विचारलं, "आजी, हे अक्षर आता कोण वापरतं?"

"माझी लेक," आजी म्हणाली. "तिला दुसरं नाव नाही."

अक्षराला क्रमांक मिळाला. पुढच्या वसंतात शेजारणीच्या फोनवर नाव अख्खं उमटलं. आजीनं त्यावरून बोट फिरवलं आणि मगच जोसायाला हाक मारली. तो चौकोन घासायला लागला, तर तिनं त्याचा हात धरला. "राहू दे. अक्षर आत बसव. कुणी गिळलं होतं ते दिसू दे लोकांना."

दगड उभा राहिला आणि बर्फ पुरता वितळायच्या आत आजी गेली. ही शेजारची जागा तिची.

आजही गावात कुणी नवा फोन घेतला, की आधी इथं येतो, हे नाव लिहितो आणि दगडापुढं धरतो. पडद्यावर अक्षराच्या जागी चौकोन दिसला तर फोन दुकानात परत!

हं, काढा आता तुमचे फोन. फोटो राहू द्या. तिचं नाव उमटतंय का, ते बघू.